एका गेमचं संगीत, तीन संगीतकार: कोणती धून कोणाची हे कसं ओळखायचं?

प्रश्न यवतमाळकडच्या एका गावातून आलाय. ‘डाँकी काँग कंट्री’ हा सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या गेम-मशीनवरचा 1994 चा गेम. संगीताखाली तिघांची नावं आहेत: डेव्हिड वाइज, एव्हलीन फिशर आणि रॉबिन बीनलँड. पण कोणती धून कोणाची हे गेमच्या श्रेयनामावलीत दिलेलं नाही. विचारणारे भाऊ गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतात. कान तयार आहे, पण लॅपटॉप जुना, डेटा मोजका आणि लाइन केव्हा जाईल याचा भरवसा नाही. एवढ्यावर शैली ओळखता येते का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची?

येते, भाऊ. फक्त एक सवय आधी बाजूला ठेवावी लागेल. पेटीवाल्याचा कान पहिल्यांदा चालीकडे जातो आणि या कामात चालीचा उपयोग सगळ्यात कमी. चाल ही संगीतकार ठरवून, विचार करून बदलतो. बर्फाचा टप्पा असेल तर एक, खाणीचा असेल तर दुसरी. त्याची खरी ओळख तो जिथे फारसा विचार करत नाही तिथे सापडते: खर्ज कसा चालतो, मधले सूर कुठे बसतात, एक भाग संपून दुसरा सुरू होताना काय घडतं, धून पुन्हा पहिल्या मात्रेवर कशी येते. खंजिरी भजनात दोन मंडळं एकच भजन म्हणतात तेव्हा चाल तीच असते, पण दोन कडव्यांमधली जागा पेटीवाला कशी भरतो त्यावरून डोळे मिटूनही मंडळ ओळखू येतं. इथेही तीच जागा ऐकायची आहे.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे वाद्याचा आवाज. ‘ही बासरी वाइजचीच’ असं अनेक जण म्हणतात, पण त्याला आधार नसतो. सुपर निन्टेंडोची ध्वनिचिप एका वेळी 8 आवाज वाजवते आणि तिच्याकडे सगळी मिळून 64 किलोबाइट मेमरी असते. त्यातच वाद्यांचे नमुने, सुरांचा डेटा, तो वाजवणारा प्रोग्राम आणि प्रतिध्वनीसाठी राखलेली जागा बसवायची. नमुने दाबून ठेवतात, ध्वनीच्या 16 बिंदूंना 9 बाइट या हिशेबानं. म्हणजे सगळी 64 किलोबाइट नुसत्या नमुन्यांना दिली तरी 32 किलोहर्ट्झच्या दर्जाचा साडेतीन सेकंदांपेक्षा थोडाच जास्त आवाज मावतो. शिवाय प्रतिध्वनी 16 मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढतो आणि दर टप्प्याला 2 किलोबाइट खातो. इतक्या तंगीत एका गेमवर काम करणारे लोक नमुने आपसात वाटून घेतात. त्यामुळे आवाज सारखा आला म्हणजे गेम एक आहे इतकंच कळतं. संगीतकार एक आहे हे त्यावरून कळत नाही.

आवाजातलं एक मात्र कामाचं आहे: तो कसा वापरलाय. या चिपवर प्रतिध्वनी प्रत्येक आवाजाला वेगळा चालू-बंद करता येतो. कोणी फक्त वरच्या ओळीला प्रतिध्वनी देतं, कोणी तालवाद्यांनाही देतं, कोणी खर्ज नेहमी कोरडा ठेवतं. तेच व्हायब्रेटोचं, म्हणजे सूर थरथरवण्याचं. समजा एका धुनेत लांब सूर सरळ लागतो आणि एक तृतीयांश वेळ गेल्यावर थरथरायला लागतो, आणि हेच तुम्हाला त्याच माणसाच्या आणखी पाच धुनांत दिसलं, तर ती हाताची सवय म्हणून टिपून ठेवा. बासरी की सनई हा मुद्दा तिथे गौण.

आता तुलनेचा साठा. ज्या धुनेबद्दल शंका आहे ती घेऊन बसण्याआधी, ज्यांच्याबद्दल शंका नाही अशा धुना हव्यात. या बाबतीत तुम्ही गेम फार चांगला निवडलाय. याचा दुसरा भाग, 1995 चा, एकट्या वाइजनं केला. तिसरा भाग, 1996 चा, मुख्यतः फिशरनं केला. दोन्ही त्याच कंपनीचे, त्याच मशीनवरचे. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट पुढे आहे: तिसरा भाग 2005 मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या गेम-मशीनवर आला तेव्हा वाइजनं त्याचं संगीत पूर्ण नव्यानं केलं. म्हणजे तोच टप्पा, तेच चित्र, तोच वेग, आणि त्यावर दोन माणसांच्या दोन धुना. टप्प्याच्या मूडचा गोंधळ इथे आपोआप निघून जातो. अशी जोडी फार थोड्या गेमांत मिळते, म्हणून पहिला आठवडा तिच्यावरच घालवा. फक्त मशीन वेगळं आहे हे विसरू नका. गेम बॉय ॲडव्हान्सवर आवाजाची मिसळ प्रोसेसरकडून होते आणि स्पीकर लहान, त्यामुळे आवाजाची चमक, प्रतिध्वनी आणि खर्जाचा भरणा यांची तुलना करू नका. सुरांची करा.

डेटाचं म्हणाल तर ही साधना स्वस्त आहे. सुपर निन्टेंडोची धून एसपीसी फाइलमध्ये मिळते. एक फाइल 66,048 बाइटची, म्हणजे 25 धुना मिळून जेमतेम 1.65 मेगाबाइट. तीन मिनिटांची एक साधी एमपीथ्री याहून जड असते. शिवाय एसपीसीत नुसतं रेकॉर्डिंग नसतं. चिपच्या मेमरीची ती जशीच्या तशी नक्कल असते, म्हणून आठही आवाज सुटे करता येतात. स्नेस-नाइन-एक्स या एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ध्वनीच्या मेनूतून एकेक चॅनल, म्हणजे एकेक आवाज, बंद करता येतो, तेवढंही पुरे. पुढे जायचं असेल तर व्हीजीएमट्रान्स हा मोफत प्रोग्राम अशा फाइलमधून सुरांचा डेटा मिडी स्वरूपात, म्हणजे कोणता सूर कधी वाजतो याच्या नोंदीत, काढतो, आणि मिडी म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्ये उघडली की सूर कागदावर दिसतात. जुन्या लॅपटॉपला हे सगळं झेपतं. एक अडचण येईल: मिडीत सूर मात्रेच्या रेषेवर नेमके बसलेले नसतात, त्यामुळे स्वरलेखन विस्कटलेलं, बारीक-बारीक विरामांनी भरलेलं दिसतं. आधी लय नीट मोजून टेम्पो बसवा, मगच सूर जवळच्या सोळाव्या भागावर ओढा. उलटं केलं तर अर्धी मात्रा आधी पडणारा खर्ज सरळ होऊन जातो, आणि नेमकी तीच खूण हातची जाते.

ऐकायला मोबाइलचा स्पीकर वापरू नका. त्यातून खर्ज जवळपास येतच नाही, आणि आपल्याला खर्जच हवा. वायरवाला साधा इयरफोन चालेल. तरी खर्ज पुसट वाटला तर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्राममध्ये तेवढा चॅनल 12 अर्धस्वर वर चढवा, म्हणजे एक सप्तक वर येईल आणि स्पष्ट ऐकू येईल. पेटीशी सूर जुळवताना आणखी एक गडबड होते. पेटी आणि फाइल यांच्यात पाव अर्धस्वराचा फरक सहज निघतो आणि मग प्रत्येक सूर खोटा वाटायला लागतो. ऑडॅसिटीत पिच बदलताना 0.3 असा दशांशही टाकता येतो. फाइल पेटीला मिळवून घ्या.

खर्ज लिहिताना पेटीचा एक हात भात्यावर जातो, म्हणून खर्ज आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) एकदम पकडायला जाऊ नका. आधी खर्जाची ओळ पूर्ण लिहा, सा ठरवून, सरगममध्येच. मग वरच्या सुरांसाठी पुन्हा सुरुवातीपासून ऐका. एक उदाहरण जवळून पाहू. चार मात्रांचा एक भाग, असे चार भाग. पहिल्या धुनेत खर्ज येतो सा, ध, म, प, आणि प्रत्येक वेळी वरची कॉर्ड त्याच सुरावर उभी आहे. म्हणजे खर्ज उड्या मारतो आणि मूळ स्वरावर बसतो. दुसऱ्या धुनेत खर्ज येतो सा, नि, ध, प. इथे नि वर पोचल्यावर वर वाजतंय प-नि-रे, म्हणजे कॉर्ड पंचमाची, पण खाली तिचा मधला सूर. खर्ज पायरी-पायरीनं उतरावा म्हणून ही योजना केलेली असते. वरची चाल दोन्हीकडे सारखीच गोड असू शकते आणि श्रोत्याला फरक कळतही नाही. पण पायरीनं उतरणारा खर्ज ज्याच्या हाताला लागलेला असतो तो त्याला दर दोन-तीन धुनांमागे एकदा तरी वापरतो. अशा खुणा मोजता येतात, म्हणून त्यांना वजन.

खर्जाबरोबर आणखी तीन गोष्टी वहीत घ्या. कॉर्ड किती मात्रांनी बदलते आणि बदल मात्रेवर पडतो की थोडा आधी. सा मध्येच बदलतो का, आणि बदलला तर परत कसा येतो. आणि लूपची शिवण. गेमची धून संपत नाही, फिरून सुरुवातीला येते. कोणी त्या जागी ड्रमचा तुकडा वाजवतं, कोणी वाद्यं एकेक काढून जागा पातळ करतं, कोणी पंचमाच्या कॉर्डवर थांबून सरळ सा वर उडी घेतं. शिवण ऐकायची तर शेवटची 10 सेकंदं आणि सुरुवातीची 10 सेकंदं जोडून सलग ऐका. फाइल दोनदा फिरून हळूहळू मिटते तिथे शिवण नसते, ती पहिल्या फेरीच्या शेवटी शोधा.

थाटाची नावं टिपायला हरकत नाही. तुमच्यासाठी ती सोयीची आहेत: कोमल नि घेतलेला खमाज, कोमल ग-नि चा काफी, तीव्र म चा कल्याण. पण थाटावरून संगीतकार ठरवू नका. कोमल नि रॉकमध्येही येतो, ब्लूजमध्येही, आणि थाट बहुतेक वेळा टप्प्याच्या मूडनं ठरतो.

या तिघांबद्दल माझं ऐकणं सांगतो. ते पडताळून घ्या. वाइज एकाच धुनेत दोन हवामानं ठेवतो. ‘डीके आयलंड स्विंग’ जंगलातल्या तालवाद्यांपासून सुरू होऊन पुढे चक्क स्विंगमध्ये शिरतं. ‘गँग-प्लँक गॅलिअन’ खलाशांच्या गाण्यासारखं उघडतं आणि रॉकवर जातं. ‘फिअर फॅक्टरी’त यंत्रांचा ठोका आहे, पण त्यावर पसरलेले मऊ थर ‘ॲक्वाटिक अँबियन्स’च्या घरातले आहेत. त्या पाण्याखालच्या धुनेत वाइजला कॉर्ग वेव्हस्टेशन या सिंथेसायझरचा, आवाज सतत रूप बदलत राहण्याचा परिणाम या छोट्या चिपवर आणायचा होता, म्हणून तिच्यात सूर कमी आणि आवाजाची हालचाल जास्त. फिशरच्या धुना मला एका दिशेनं वाढत जाणाऱ्या वाटतात. ‘नॉर्दर्न हेमिस्फिअर्स’ शांत सुरू होऊन थर चढवत जातं, मध्येच दुसऱ्या जगात उडी मारत नाही. बीनलँडची ‘फंकीज फ्यूग’ ही एकच धून, आणि एका धुनेवरून शैली ठरत नाही. त्याला या तपासणीतून बाजूला ठेवा.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. वाइजचं नाव मोठं, आणि त्याची पाण्याची धून सगळ्यांना पाठ. त्यामुळे जे जे संथ आणि वातावरणाचं ते वाइजच्या खात्यावर टाकलं जातं. प्रत्यक्षात ‘नॉर्दर्न हेमिस्फिअर्स’, ‘आइस केव्ह चँट’, ‘व्हॉइसेस ऑफ द टेम्पल’, ‘फॉरेस्ट फ्रेन्झी’, ‘ट्री टॉप रॉक’, ‘कँडीज लव्ह साँग’ आणि नकाशावरची ‘सिमियन सेग्यू’ या सातही फिशरच्या आहेत. त्यांचं श्रेय दुसऱ्याला जात राहणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि असल्या कामात काळजी घ्यायची ती त्यासाठीच.

आपला कान खरंच ओळखतोय की नाव आठवतोय, हे कळायला आंधळी चाचणी घ्या. दुसऱ्या भागातून वाइजच्या 10 धुना आणि सुपर निन्टेंडोच्या तिसऱ्या भागातून फिशरच्या 10 घ्या. तिसऱ्या भागात वाइजचंही थोडं काम आहे, ते वगळा. प्रत्येकीचा मधला 40 सेकंदांचा तुकडा कापा. सुरुवात घेऊ नका, ती ओळखीची असते. घरातल्या कोणाला तरी फाइलींना 1 ते 20 क्रमांक द्यायला सांगा आणि यादी त्यांच्याकडेच राहू द्या. प्रत्येक तुकड्यापुढे नाव आणि कारण दोन्ही लिहा. कारण लिहिता आलं नाही तर तो नुसता अंदाज. नाणं उडवूनही सरासरी 10 बरोबर येतात. नुसत्या नशिबानं 15 किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे 2 टक्के, 14 किंवा जास्तची सुमारे 6 टक्के. म्हणून 15 च्या खाली असेपर्यंत मूळ गेमला हात लावू नका. आणि मूळ गेमवर आल्यावर प्रमाणाचं भान ठेवा. समजा 20 पैकी 13 धुना एकाच्या आहेत, तर डोळे झाकून सगळीकडे त्याचंच नाव लिहिणाराही 13 बरोबर काढतो. तुमच्या 13 ला तिथे काहीच किंमत नाही.

दुसऱ्या गेमांकडे वळाल तेव्हा रचना, बांधणी (चालीखाली खर्ज, मधले सूर आणि वाद्यं बसवणं) आणि डेटा भरणं ही तीन वेगळी कामं आहेत हे लक्षात ठेवा. ‘क्रोनो ट्रिगर’ (1995) बहुतांश यासुनोरी मित्सुदाचा. काम चालू असताना तो आजारी पडला आणि उरलेल्या धुना नोबुओ उएमात्सूनं केल्या. पण त्यातली ‘बॉस बॅटल 1’ नोरिको मात्सुएदाची रचना आहे आणि तिची बांधणी उएमात्सूची. तिथे चाल एकीकडे बोट दाखवते, खर्ज आणि मधले सूर दुसरीकडे, आणि दोन्ही खऱ्या असतात. अशा वेळी ‘खर्ज उएमात्सूसारखा, म्हणून धून त्याची’ हा निष्कर्ष चुकतो.

‘सॉनिक 3’ (1994) तर या कामातला धडाच आहे. त्यात मायकेल जॅक्सनच्या चमूतले ब्रॅड बक्सर वगैरे लोक होते, म्हणून लोक प्रत्येक धुनेत जॅक्सन शोधत बसले. ‘आइसकॅप’ टप्प्याची धून मात्र बक्सरच्या जुन्या जेट्झन्स या बँडच्या ‘हार्ड टाइम्स’ गाण्यातून आलेली निघाली. गेम निघाला तोवर ते गाणं बाजारात आलंच नव्हतं, मग कान कितीही तयार असता तरी काय करणार? त्याच गेमच्या 1997 च्या पीसी आवृत्तीत तीन टप्प्यांचं संगीत वेगळं आहे. ते नंतर बदलून टाकलं असावं असा बऱ्याच जणांचा समज होता. 2019 मध्ये गेमची कच्ची आवृत्ती बाहेर आली आणि तिच्यात तेच संगीत होतं. म्हणजे ते आधीचं निघालं. म्हणून आवृत्त्यांचा क्रम शैलीच्या आधी तपासायचा.

नावांचाही भरवसा नाही. जपानी कंपन्या पूर्वी बऱ्याचदा खरी नावं छापत नसत. ‘मेगा मॅन 2’मध्ये ताकाशी तातेइशीचं नाव ‘ओगेरेत्सु कुन’ असं आहे, आणि पहिल्या ‘कॅसलव्हेनिया’त किनुयो यामाशिताच्या जागी ‘जेम्स बनाना’. फाइलच्या टॅगमध्ये लिहिलेलं नाव चाहत्यांनी भरलेलं असतं, तो पुरावा मानू नका. सीडीसोबतच्या पुस्तिकेत धूनवार नावं असली तर ती जास्त विश्वासाची. जपानी संगीतकारांसाठी जसरॅक या हक्कसंस्थेची नोंदयादी नेटवर शोधता येते, पण हक्क कंपनीकडे असतील तर नोंद सापडतेच असं नाही. संगीतकाराची स्वतःची मुलाखत चांगली, त्यातही कामाला जितकी जवळची तितकी बरी.

‘माइनक्राफ्ट’ गावातल्या पोरांच्या मोबाइलवरही असतो, म्हणून त्याचंही सांगतो. त्याचं मूळ संगीत सी-418 या नावानं काम करणाऱ्या डॅनिएल रोझेनफेल्डचं. 2020 च्या नेदर अपडेटला लीना रेन आली, आणि 2021 च्या गुहा-डोंगरांच्या अपडेटमध्ये तिच्या धुनांसोबत कुमी तानिओकाच्या ‘फ्लोटिंग ड्रीम’, ‘कम्फर्टिंग मेमरीज’ आणि ‘ॲन ऑर्डिनरी डे’ आहेत. इथे धून म्हणजे तयार रेकॉर्डिंग, चॅनल सुटे होत नाहीत. त्यामुळे व्हायब्रेटो, प्रतिध्वनीचा आकडा हे सगळं सोडा. पियानोची दोन वाक्यं संपल्यावर किती सेकंद शांतता ठेवलीय ते घड्याळ लावून मोजा, डाव्या हाताचा सूर कधी येतो ते पाहा, ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (ध्वनीच्या चित्रात) सूर विझायला किती वेळ लागतो ते बघा. पद्धत तीच, खुणा मात्र कमी मिळतात, म्हणून एका संगीतकाराच्या निदान आठ-दहा धुना हाताशी असल्याशिवाय मत देऊ नका.

वहीत प्रत्येक धुनेपुढे तीनपैकी एकच शब्द लिहा: ‘छापील’, म्हणजे पुस्तिकेत किंवा मुलाखतीत नाव आहे, ‘खुणांवरून’, म्हणजे निदान तीन स्वतंत्र खुणा एकाच माणसाकडे जातात, आणि ‘अनिश्चित’. खर्ज आणि कॉर्डची योजना मिळून एकच खूण धरा, कारण एक बदलली की दुसरी बदलतेच. कोणाला यादी पाठवाल तेव्हा तो शब्दही सोबत पाठवा, नाहीतर तुमचा अंदाज पुढच्या माणसाच्या फाइलमध्ये टॅग होऊन बसेल.